हिरव्या पट्टीचे पिंजरे

९ जानेवारी

हिशेबाच्या वहीची मागची पानं दर वर्षी कोरीच रद्दीत जातात. यंदा ती वापरायची ठरवली. हिशेबात न बसणारं बरंच काही घडतंय.

ह्यांचं उजवं मनगट मोडलं त्याला बारा दिवस झाले. कामावर स्टुलावर चढून दिवा बदलत होते. एकवीस वर्षं हे प्रयोगशाळेच्या प्राणिघरात आहेत. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, खाणंपाणी. मी 'उंदीरघर' म्हटलं की चिडतात. आता ऑफिसचं म्हणणं, बदली माणूस द्या, नाहीतर बिनपगारी रजा घ्या. ह्यांनी परस्पर माझं नाव देऊन टाकलं आणि घरी येऊन सांगितलं.

"मला विचारलंत?"

"मॅट्रिक पास माणूस हवा होता. घरात तू एकटीच आहेस."

हे स्वतः नववीत सुटले. एरवी माझं मॅट्रिक ह्यांना आठवत नाही.

११ जानेवारी

पहिला दिवस. खोलीला खिडकी नाही, दिवे घड्याळावर लागतात नि विझतात. दोन फळ्यांवर बारा पिंजरे. वरच्या सहांना लाल पट्टी, खालच्या सहांना हिरवी. प्रत्येकात एक पांढरा उंदीर, सगळे नर. वास येतो, पण आमच्या मोरीपेक्षा वाईट नाही.

हे काम एका मुलीचं आहे. तिशीची असेल, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असते आणि ती पेन्सिल दिवसभर शोधत असते. तिला सगळे छोट्या मॅडम म्हणतात, आणि तिच्यावरच्यांना मोठे सर. तिनं मला उभं करून सगळं समजावलं. म्हणाली, "काकू, आपण पुरुषांसाठी औषध शोधतोय. झाडापासूनचं. ते घेतलं की मूल राहू नये, आणि सोडलं की पुन्हा राहावं." पुढे ती उंदरांच्या शरीरातल्या एकेका भागाचं नाव घेऊन बोलायला लागली. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे रविवार मोजत राहिले. निम्मं ऐकूच आलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "कळलं ना?" मी म्हटलं, "कळलं."

घरी ह्यांना विचारलं, "औषध द्यायचं कसं?"

"औषधाचं मॅडम बघतात. आपण खाणंपाणी, भुसा आणि नोंदवही. नको तिथे नाक खुपसू नकोस."

बरं.

१२ जानेवारी

देवापुढे बसले होते. पिल्लू होऊ न देण्याच्या कामाला जाताना हात जोडायचे की नाही, कळेना. जोडले.

२० जानेवारी

आज मन फार खट्टू आहे. या उंदीरघरातही दुजाभाव आहे.

लाल पट्टीवाल्यांसाठी छोट्या मॅडम रोज सकाळी स्वतः गोळ्या वळते. पीठ, तेल, काहीतरी काळपट दळलेलं. कणीक मळावी तशी मळते, तासभर खपते. आणि हिरव्यांना पोत्यातलं कोरडं, दगडासारखं. बिचारे खालच्या फळीवरून नाक वर करून वास घेत बसतात. वरचे तरी कुठे गुणाचे? पुढ्यात वाढलेलं निम्मं टाकतात. ते उरलेलं तोलायचं, वहीत लिहायचं आणि झाकणाच्या डब्यात टाकायचं. डबा संध्याकाळी जाळायला जातो.

ताटात टाकलेलं अन्न मी माझ्या लेकरांना कधी खपवून घेतलं नाही. मी तोललं, लिहिलं, आणि उरलेल्या गोळ्या खालच्या सहांना वाटून दिल्या. दोन्ही हातांत धरून काय खातात! एकानं तर खाऊन माझ्या बोटाचा वास घेतला.

वहीत आकडा बरोबर आहे. डब्यात गेलं की पोटात गेलं, त्यानं आकडा थोडाच बदलतो?

३ फेब्रुवारी

प्लास्टर निघालं, पण ह्यांची मूठ वळत नाही. ऑफिसनं ह्यांना फाटकावर बसवलं आणि माझी बदली डिसेंबरपर्यंत, म्हणजे हे निवृत्त होईपर्यंत वाढवली. हे फाटकावर फार खूश आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वर्दी दाखवतात.

मी रोजच्यासारखं तोलते, लिहिते, खालच्यांना वाटते. अंगानं भरले आहेत.

आज विचारलं, "मार्चमध्ये माद्या सोडणार म्हणे. मग पिल्लं झाली तर ती कुठे ठेवतात?"

हे म्हणाले, "मोजतात. तिसऱ्या दिवशी झोपवतात."

"झोपवतात म्हणजे?"

"अगं, झोपवतात म्हणजे झोपवतात."

मग कळलं. हातातलं लाटणं तसंच राहिलं.

४ फेब्रुवारी

देवाला आज स्पष्ट सांगितलं. वर लाल, खाली हिरवे, तुला दोन्ही सारखे. कोणाच्याच पदरात पिल्लू घालू नकोस. जन्मायचं आणि मोजून मरायचं, त्यापेक्षा नकोच. हे मागणं रोज मागणार आहे.

२६ फेब्रुवारी

थोरलीचा फोन. माझी ही मोठी मुलगी एरवी रडत नाही. दुसऱ्या बाळंतपणात ती जाता जाता वाचली. डॉक्टरांनी बजावलंय, तिसरं नको. म्हणून गोळ्या घेत होती, तर डोकं फुटायला येतं, पाय सुजतात. आता डॉक्टर म्हणतात, गोळ्या बंद करा.

"मग जावईबापू काय म्हणतात?"

"म्हणतात, तू ऑपरेशन करून घे. आणि ऑपरेशनचा डॉक्टर म्हणतो, रक्त इतकं कमी आहे की वर्षभर हात लावणार नाही."

"मग त्यांनीच करून घ्यावं की."

"आई, बोलून बघितलं. दोन दिवस जेवले नाहीत."

माझंही ऑपरेशन तिसऱ्यानंतर झालं होतं. टाका चिघळला, पाच आठवडे ताप. ह्यांनी फळं आणली होती. ह्यांचं करावं असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

न राहवून तिला उंदीरघरातलं सांगितलं. आजवर लाजेनं सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "पुरुषांनी घ्यायचं? सोडलं की परत सगळं ठीक? आई, कधी मिळणार ते?"

"अगं, अजून उंदरांवर चाललंय."

"मग उंदरांना म्हणावं, लवकर आटपा."

हसलो दोघी. फोन ठेवल्यावर मात्र मला काही सुचेना. या औषधाला यश दे म्हणून मागावं, तर ते पाप नाही ना?

१४ मार्च

आज प्रत्येक नराच्या पिंजऱ्यात एकेक मादी सोडली. मी पाठ फिरवून उभी. छोट्या मॅडम म्हणाली, "काकू, तुम्हीच बघायचं नाही म्हटल्यावर मग कोण बघणार?" आठवडाभर ठेवायच्या, मग वेगळ्या. बावीस दिवसांत कळेल.

तिनं नीट सांगितलं, आणि या वेळी मी ऐकलं. लालमध्ये पिल्लं व्हायला नकोत आणि हिरव्यांत भरपूर व्हायला हवीत. तरच औषध खरं. नंतर लालचं औषध थांबवायचं, त्यांनाही पिल्लं व्हायला हवीत. तीन वर्षं ती यात आहे. लग्नाचं विचारलं की म्हणते, "आधी उंदरांचं होऊ दे."

१२ एप्रिल

लाल: एकही नाही. छोट्या मॅडमनं माझे दोन्ही हात धरून गोल फिरवलं.

हिरवे: पाच माद्या रिकाम्या. सहावीला तीन. तीही दुबळी.

ती खाली बसली. पेन्सिल अंबाड्यातच होती, तरी शोधत होती.

१३ एप्रिल

मोठे सर आले. नाकाला रुमाल लावून पाच मिनिटं उभे राहिले. म्हणाले, "माद्या खराब आहेत. बदला."

माद्या कोणी तपासल्या नव्हत्या. दोष पहिला त्यांच्यावरच गेला. मला हसूही आलं आणि कुठेतरी लागलंही.

ती तीन पिल्लं उद्या झोपवतील. मी आज देवाला म्हटलं, तू ऐकतोस हे कळलं. पण हे मी बरोबर मागितलं का?

२१ मे

नव्या माद्या आणल्या, वीस एप्रिलला सोडल्या. आज निकाल. लाल: नाही. हिरवे: नाही. एकही नाही.

छोट्या मॅडमनं पाणी तपासायला पाठवलं, भुसा पाठवला, पोत्यातलं खाणं पाठवलं. सगळं स्वच्छ. मोठे सर म्हणाले, "ज्यांना काहीच दिलं नाही त्यांनाही होत नसतील, तर तुझं औषध म्हणजे काय? योगायोग?" जूनच्या पंधरापर्यंत कारण सापडलं नाही तर काम बंद. बारा उंदरांची खोली दुसऱ्याला देणार.

मी कोपऱ्यात पिंजरा घासत होते. घासलेलाच पुन्हा घासला. कारण मला कारण माहीत आहे.

२ जून

दहा दिवस जीव टांगणीला लागलाय. जेवण जात नाही. कामाला गेले की खालच्या सहांना घास वाटताना तेवढं बरं वाटतं.

मीच मागितलं होतं. रोज, नेमानं, फेब्रुवारीपासून. चुकून एक दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दोनदा मागितलं. माझ्या एका मागण्यापायी त्या पोरीची तीन वर्षं, आणि थोरलीसारख्या किती जणी. आता उलटं मागावं, तर देव म्हणेल या बाईचं एकदा काय ते ठरू दे.

हे म्हणाले, "तोंड का पाडून बसलीस?" सांगणार होते. ह्यांना पटणार नाही, आणि पटलं तर फाटकावर सगळ्यांना सांगत बसतील.

३ जून

छोट्या मॅडमला सांगून टाकलं. ती वह्या पसरून बसली होती. मी दार लावून घेतलं.

"मॅडम, दोष माझा आहे."

"कसला हो काकू?"

"हिरव्यांना पिल्लं होऊ नयेत म्हणून मी रोज देवाला साकडं घालत होते. तुम्ही त्यांना झोपवता म्हणून. त्यानं ऐकलं."

ती बघतच राहिली. मग हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. मला रागच आला. म्हटलं, "हसू नका. मी इतकी वर्षं त्याचं करते, माझं तो ऐकतो."

"नाही हसत. काकू, लालनासुद्धा होऊ नयेत असं मागितलंत?"

"सगळ्यांनाच. मी दुजाभाव केला नाही. तुमच्यासारखा."

"मी काय दुजाभाव केला?"

म्हटलं, आता बोलतेच. "वरच्यांना तासभर मळून गोळ्या, आणि खालच्यांना पोत्यातलं. वरचे मेले निम्म्या टाकतात. खालच्यांचा जीव तुटतो म्हणून मीच त्यांना रोज…"

तिचा चेहरा बघून मी थांबले.

"रोज काय?"

"उरलेलं वाटते. तोलून, लिहून, मगच."

"कधीपासून?"

"वीस जानेवारी."

तिनं पसरलेली एक वही मिटली. मग हळू म्हणाली, "काकू, त्या गोळ्याच औषध आहेत. पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी."

सांगितलं असेल. मी रविवार मोजत होते.

४ जून

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एकदा हात कपाळाला लावून बसते, एकदा उठून म्हणते, "पण मग याचा अर्थ ते लागू पडतं! उष्ट्यावर लागू पडतं, काकू!" पुन्हा खाली बसते. तिलाही कळत नाही रडावं की काय करावं.

कारण सापडलं. पण त्याला पुरावा नाही. सर म्हणतील, गोष्ट रचलीत. म्हणून मी काय केलं ते मला माझ्या अक्षरात लिहून, सही करून द्यावं लागेल.

आज उरलेल्या गोळ्या डब्यात टाकल्या. खालचे सहाही जाळीशी येऊन उभे. तोंड फिरवून बाहेर आले.

५ जून

घरात सांगितलं. हे इतके तापले की दुखरी मूठ वळली.

"सात महिने राहिलेत माझे! सात! बदली म्हणून बायको माझ्या सहीवर लागलीय. तू लिहून दिलंस की पहिलं पत्र मला येणार."

"मग काय लिहू?"

"लिही, पोतं बदललं. लिही, लेबल पुसलं होतं. पोतं काय साक्ष द्यायला येणार आहे?"

"त्यांनी पोतं तपासलंय. ते स्वच्छ निघालंय."

"मग काहीच लिहू नकोस. प्रयोग काय, दर वर्षी बंद पडतात. मी एकवीस वर्षांत सात बंद पडलेले बघितलेत. कोणी मेलं नाही."

"थोरली मरता मरता वाचली," मी म्हटलं.

"तिचा काय संबंध?"

खरंच, काय संबंध ते मला नीट मांडता आलं नाही. पण आहे.

६ जून

मोठ्या सरांसमोर बसून लिहिलं. त्यांनी विचारलं, "बाई, असं करायला कोणी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग का केलंत?"

"टाकवेना, साहेब."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "हेच लिहा." मी लिहिलं. वेलांटी एक चुकली, ती खोडून त्यावरही सही केली. साकड्याचंही लिहू लागले, तर छोट्या मॅडमनं हळूच माझा कागद ओढला.

ऑगस्टअखेरपर्यंत मुदत मिळाली. हिरव्यांना फक्त पोत्यातलं द्यायचं. लालपैकीही तिघांच्या गोळ्या थांबवायच्या. दोन महिन्यांनी पुन्हा माद्या सोडायच्या. पिल्लं झाली तर माझं लिहिणं खरं, आणि औषधही. हिरव्यांना झाली नाहीत तर दोन्ही खोटं.

९ जून

ह्यांना ताकीद मिळाली, लेखी. फाटकावरच्या टेबलावर आणून दिली, सगळ्यांदेखत. ह्यांनी घरी ती घडी करून माझ्या पुढ्यात ठेवली आणि बोलणं बंद केलं. काही हवं असलं की भिंतीला सांगतात. "चहा मिळेल का?" भिंत काय देणार? मी देते.

१७ जुलै

भिंतीशीच चाललंय. मला आता सवय झाली. भिंतीला आज हे म्हणाले, "थोरलीचा फोन आला होता का?" आला होता. डॉक्टरांनी रक्त वाढायची औषधं दिलीत. जावईबापू दुसऱ्या खोलीत झोपतात. ती म्हणते, तेवढीच सोय.

मागणं बंद केलंय. देवापुढे बसते, नामस्मरण करते, उठते. काय मागायचं तेच ठरत नाही. पिल्लं दे म्हणू? तिसरा दिवस आहेच.

३ ऑगस्ट

माद्या सोडल्या. त्याच, एप्रिलात पहिल्यांदा ज्यांना खराब म्हटलं होतं त्या. छोट्या मॅडमनं हट्टानं त्याच घेतल्या. या वेळी मी पाठ फिरवली नाही.

२५ ऑगस्ट

हिरव्यांत दोघी व्यायल्या. एकीला नऊ, एकीला अकरा. छोट्या मॅडमनं मोजली, मी मोजली, मग आकडे पडताळले. अजून तिघींची पोटं दिसतात. मोठे सर आले, नाकाला रुमाल न लावता. म्हणाले, "हं."

लालच्या तिघींचं अजून नक्की कळत नाही. छोट्या मॅडम म्हणते, तेही व्हायला हवं, नाहीतर हे औषध नाही, कायमचं बंद करणं झालं. मग ते घ्यायला कोण धजेल?

मी आज मागितलं. काय मागितलं ते लिहीत नाही. मलाच नीट कळलेलं नाही.

२९ ऑगस्ट

सकाळी सातला गेले. छोट्या मॅडम मोठ्या सरांबरोबर बाहेरगावी बैठकीला गेलीय. उद्या येईल. खोलीत मी एकटी.

पाणी भरताना लाल पट्टीच्या चौथ्या नराच्या मादीकडून बारीक चीं चीं ऐकू आलं. भुसा बाजूला केला. गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी. एकावर एक. आई माझ्याकडे बघत होती.

बाकी दोघींचं काहीच नाही. फक्त हीच.

मी स्टूल ओढून बसले. नऊ वाजेपर्यंत बसले. दुसरं कोणी खोलीत येत नाही. मादी कधी कधी पिल्लं स्वतःच खाते, हे ह्यांनीच मला सांगितलं होतं. 'आढळली नाहीत' असं लिहिलं तर कोणी विचारणार नाही. पिशवीत सुती फडकं होतं. शेगडीजवळ ऊब असते. कापसानं दूध पाजता येतं, मी कधीकाळी मांजरीच्या पिल्लांना पाजलंय. आकडा लिहिला तर परवा, तिसऱ्या दिवशी, यांना झोपवणार.

आणि न लिहिला तर तीन वर्षांच्या वहीत लालसमोर नुसती शून्यं राहणार. थोरली विचारेल, आई, त्या उंदरांचं काय झालं?

फडकं बाहेर काढलं. त्यानं डोळे पुसले, नाक पुसलं, घडी घालून परत ठेवलं. मग हात धुतले आणि एकेक पिल्लू तळहातावर घेऊन मोजलं. पुन्हा उलटीकडून मोजलं. आई बोटाला चावली नाही.

छोट्या मॅडमची पेन्सिल टेबलावर होती, पण नोंद शाईनं करायची असते. शाईनं केली.

लाल, पिंजरा चौथा. गोळ्या बंद करून चौऱ्याऐंशी दिवस. पिल्लं सात. सातही हालती. मोजणारी: मी. खाली सही केली, तारीख आणि वेळ घातली.